बुधवारचा बदला

नाही, पण मला एक सांगा, जे अक्षर तोंडात घ्यायचंच नाही ते कागदावर बोलावता कशाला? वेन्सडे! लिहिताना मधे डी कोंबायचा आणि बोलताना गिळून टाकायचा! नाइफच्या दारात के उभा, रिसीटच्या पोटात पी बसलेला... अहो, पाहुण्याला घरी बोलवायचं, पाट मांडायचा आणि वाढायचंच नाही? ही कुठली रीत? आमच्याकडे भाकरी लिहिली की भाकरीच वाचतात. सगळी अक्षरं जेवून उठतात!

तुम्हाला सांगते, मी तेजस्विनी, चाकणच्या एका कंपनीत इंजिनियर. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, पकडायचं फिक्श्चर मी बदललं, माझ्या डोक्यानं, आणि खराब निघणारे जॉब जवळजवळ थांबले. मग ते परदेशी पाहुण्यांना समजावून सांगायचं कोणी? मीच ना! आदल्या दिवशी तालीम. मशीनशॉपमधले सगळे कामगार उभे, आणि मी म्हणाले, "ऑन वेडनेसडे..." झालं! आमचे मॅनेजर सिद्धेश सर, ज्यांचा परफ्यूम त्यांच्या आधी दोन मशीन पुढे पोचतो, ते नाकातून म्हणाले, "ॲक्च्युअली, तेजस्विनी, डी इज सायलेंट." सगळे हसले. आणि दुसऱ्या दिवशी माझं फिक्श्चर पाहुण्यांना कोणी दाखवलं? सिद्धेश सरांनी! मी काय केलं? प्रोजेक्टरची वायर धरून उभी राहिले! तेव्हापासून कॅन्टीनमध्ये, "वेडनेसडे मॅडम, ताक घेणार का?"

तिथेच ठरवलं. बदला घेणार म्हणजे घेणारच!

आणि हसणारे तरी कोण? आमच्या मशीनवरचे बाळू आणि भीमराज! एक भोसरीचा, एक राजगुरुनगरचा, आणि अख्खा पावसाळा एकमेकांशी हिंदीत बोलले. का? तर कंपनीत अनोळखी माणसाशी हिंदीच बोलायचं! "भाई, वो पाना देना." "हां भाई, ये लो." एक दिवस तोच पाना बाळूच्या पायावर पडला आणि बाळू ओरडला, "आई गं, मेलो की रं!" तर भीमराज म्हणतो, "आरं तिच्या! तू आपल्याकडचाच व्हय?" ही माणसं मला हसतात! मला!

असो. संधी आली ती आमच्या गावच्या यात्रेला. कंपनीचे ट्रक आमच्या गावातून जातात, त्यामुळे गावचं आमंत्रण साहेबलोकांना टाळता येत नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीला बोलवायचं, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा आणि माईक पुढे करायचा, "साहेब, दोन शब्द!" यात्रा कमिटीत आमचे मालोजीकाका. त्यांना म्हटलं, "काका, यंदा आमच्या सिद्धेश सरांना बोलवा." काका म्हणाले, "आगं, पन त्यो विंग्रजी सायेब हितं काय बोलंल?" म्हटलं, "काका, तेच तर अख्ख्या गावाला ऐकवायचंय!"

तुम्ही आणा ना डोळ्यांसमोर! शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळायची धाव, माणसांनी भरलेला, बैल फुरफुरतायत, गुलाल उडतोय, आणि मधोमध हा माणूस, "ॲक्च्युअली, डिअर व्हिलेजर्स..." हसायला म्हणून माझी सगळी चुलतभावंडं मी पहिल्या रांगेत बसवली होती. नीट समजावून! तोंड उघडलं रे उघडलं की शिट्ट्या. बदला घेणार म्हणजे घेणारच!

सरांना फेटा बांधला. सरांनी माईक घेतला. खाकरले. आणि...

"राम राम मंडळी! आवं, नाकात गुलाल गेल्याबिगर यात्रा झाली म्हनत्यात व्हय? आमच्या आज्याचा गाडा बी ह्याच घाटात पळायचा!"

अहो, घाट उठला! शिट्ट्या? माझ्याच भावंडांनी मारल्या, पण मनापासून! गावच्या धोंडीबा पाटलांनी तर कडकडून मिठी मारली, "आरं, तू तर आमच्या सोयऱ्यातला निघालास!" म्हणजे बघा, हा माणूस रोज सकाळी कंपनीच्या गेटवर आपलं अख्खं गाव गिळून आत येत होता. त्या डीसारखं! सायलेंट!

आणि तेवढ्यात मालोजीकाकांना काय सुचावं? "आता आपल्या गावची पैली इंजिनियर पोरगी, तेजस्विनी, बोलंल!" माईक माझ्या हातात. समोर अख्खं गाव. शेजारी सिद्धेश सर. आणि सर शेजारी उभे असले ना, की माझी जीभ आपोआप कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालते हो! तोंडातून निघालं, "गुड आफ्टरनून, एव्हरीवन..."

बैलांनीसुद्धा माना वळवून बघितलं.

पुढच्या रांगेतून आमच्या कुशाआत्यानं विचारलं, "काय म्हनली रं ही?"

आणि सिद्धेश सर, फेटा सावरत, खाली वाकून माझ्या सख्ख्या आत्याला सांगतात, "आत्या, राम राम म्हनती ती."

माझ्या गावात! माझ्या आत्याला! माझं भाषांतर करून सांगितलं!

सोमवारी कंपनीत गेले ती तावातावानंच. म्हटलं, सोडायचं नाही. तर सर स्वतः उठून आले, जवळ कोणी नाही बघून हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला पाहुन्यांम्होरं तूच बोल. फिक्श्चर तुझं हाय. आन् गावाकडचं कोन आलंच, तर सांगाया मी हायेच!" तेवढ्यात मागून बाळू आला, आणि लगेच सर पुन्हा नाकातून, "ॲक्च्युअली, तेजस्विनी, प्लीज प्रिपेअर वेल."

आता कंपनीत मी वेडनेसडे, गावात गुड आफ्टरनून. पण मी सोडणार नाही! बदला घेणार म्हणजे घेणारच!

फक्त कोणत्या भाषेत घ्यायचा, तेवढं एकदा सुचू दे.