फाट्यावरची थाप

वहिनी — ओरडू नकोस रे, घसा बसेल. इथे आहे मी. खाली, ओढ्याशी.

धाकटा — वहिनी! हलू नकोस, आलो. पडलीस?

वहिनी — पडले कसली, बसले. पानांवरून पाय सटकला आणि थेट खाली. घोट्यात कळ आहे थोडी. तू आधी पाणी पी. तोंड बघ कसं झालंय.

धाकटा — कधीपासून बसलीयेस?

वहिनी — ऊन त्या खोडावर होतं तेव्हापासून. आता बघ कुठे गेलंय. पानं पिवळी पडायला लागली की ऊनही लवकर पळतं.

धाकटा — हाक का नाही मारलीस?

वहिनी — मारणार होते. पण काय म्हणून मारू? गुंड्या म्हटलेलं तुला चालत नाही, आणि साहेब म्हणायला जीभ वळेना.

धाकटा — असं नको ना बोलूस.

वहिनी — नाही, चुकलंच माझं. चहाला टेकलो तेव्हा तुझ्या ऑफिसातली माणसं इतकी मोकळी हसत होती, मला वाटलं आपणही काहीतरी सांगावं. तर नेमकी तुझ्या ओल्या अंथरुणाची गोष्ट आठवली! साहेब होऊन महिना नाही झाला तुला. ती टायपिस्ट ‘गुंड्यासाहेब’ म्हणाली आणि तुझं तोंड एवढंसं झालं. तेव्हाच चरकले मी. कुणी सांगितलं होतं मला नको तिथे तोंड उघडायला!

धाकटा — पाय दाखव.

वहिनी — बूट काढू नकोस, परत चढायचा नाही. वरूनच रुमाल बांध. हां, घट्ट. आणि घरी दादाला सांगत बसू नकोस. उगाच जिवाला लावून घेतील.

धाकटा — फाट्यावर काय झालं?

वहिनी — काय व्हायचंय? दोन वाटा, दोन्ही पानांनी झाकलेल्या. मी आपली खालची धरली.

धाकटा — तुझ्या पुढे मीच होतो.

वहिनी — असशील. माझं लक्ष नव्हतं. अळंबी बघत होते.

धाकटा — वहिनी.

वहिनी — अळंबी बघत होते म्हटलं ना.

म्होरक्या — सापडल्या का साहेब? हुश्श! अहो वहिनी, घाम फोडलात आम्हाला. निघताना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं मी. फाटा आला की पुढच्याने थांबायचं. मागच्याने येऊन सॅकवर थाप मारली की मगच पाय उचलायचा. इतकी वर्षं माणसं रानात नेतोय, एक चुकलं नाही कधी. तुमच्या पुढे होतं कोण?

वहिनी — कुणी नव्हतं हो. मीच रेंगाळले. साहेब तर केव्हाच पुढे गेले होते.

धाकटा — मी होतो.

म्होरक्या — मग दिसल्या नसतील तुम्हाला. झाडी दाट आहे तिथे.

धाकटा — दिसली. मी वळून बघितलं. तिने हात वर केला, थांब म्हणून. मी न बघितल्यासारखं केलं आणि निघालो.

म्होरक्या — का पण?

धाकटा — जवळ आली असती तर पुन्हा सगळ्यांसमोर गुंड्या म्हणाली असती. एवढ्यासाठी. आई गेल्यावर हिनेच वाढवलं मला, आणि मला हिची लाज वाटली. आता माझीच वाटतेय. हिच्याकडे बघवत नाहीये मला.

वहिनी — पुरे. चारचौघांत असं बोलू नये.

धाकटा — तुला माहीत होतं.

वहिनी — हात तुलाच केला होता ना मी.

म्होरक्या — बरं, आता अंधार पडायच्या आत निघू या. वर सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. काय सांगू त्यांना?

वहिनी — पाय घसरला म्हणा. खोटं नाहीये ते.

धाकटा — तुम्ही काही सांगू नका. मी सांगतो.

म्होरक्या — साहेब, उद्या ऑफिसात त्यांच्यासमोरच बसायचंय तुम्हाला.

धाकटा — म्हणूनच. वहिनी, हात दे. खांद्यावर टाक.

वहिनी — नको. ती काठी दे. मी येते टेकत टेकत. तू हो पुढे.

(तिघे चढ चढून फाट्याशी येतात. वरच्या वाटेवर बाकीची मंडळी उभी आहेत. धाकटा थांबतो.)

वहिनी — काय रे, उभा का? पोचले मी. चल ना.

धाकटा — थाप नाही पडली अजून.

वहिनी — वरून सगळे बघताहेत.

धाकटा — बघू देत.

वहिनी — मग जरा वाक, गुंड्या. हात पोचत नाही माझा.