रुद्र कधीच चुकत नाही

(घाटकोपर, भटवाडी. रविवारची दुपार. प्रियंकाने स्वतः लिहिलेली गोष्ट उघडून मोबाइल विकीच्या हातात दिला आहे आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली आहे. तिची आई सुंदराबाई आत ओट्याशी.)

विकी : ...आणि इथे परत तेच. पुलावर चाळीस जण अंगावर येतात, हा एकटा, हातात कंदील, आणि त्याला साधं खरचटत पण नाही. प्रियंका, यार, चाळीस?

प्रियंका : गेममध्ये येतातच ना चाळीस.

विकी : येतात ना. आणि आपण मरतो. ‘ग्रे हार्बर’च्या त्या पुलावर मी शंभरदा तरी मेलो असेन.

प्रियंका : तू मरतोस रे. रुद्र नाही मरत. तो माझ्या गोष्टीचा हिरो आहे.

विकी : हिरो कुठला, पुतळा आहे तो. फक्त हार घालायचा बाकी ठेवलायस.

प्रियंका : मी तुला फक्त गेममधलं काही चुकलंय का एवढंच बघायला दिलं होतं. पाच वाजता अकरावा भाग टाकायचाय मला. लोक वाट बघतात.

विकी : किती लोक?

प्रियंका : आहेत साठ-सत्तर.

विकी : आधी दोनशे होते. मी कॉमेंट वाचतो गं. तो एक कोण आहे, त्याने काय लिहिलंय? ‘ह्याला काहीच होणार नाही हे माहितीये, मग घाबरायचं कशासाठी?’ बरोबर बोलला तो.

प्रियंका : तो कुणीतरी रिकामटेकडा आहे.

विकी : मी पण रिकामटेकडा का? बघ, गेम काय आहे? चौघांनी मिळून एक कंदील धुक्यातून पलीकडे न्यायचा. विझला की खेळ संपला. बरोबर? मजा कशात आहे? तो विझेल ह्या भीतीत. तुझ्या रुद्रच्या हातात तो विझतच नाही. त्याला तेल लागत नाही, भूक लागत नाही, चिडत नाही. बाकीचे तिघं नुसते मागून ‘रुद्रभाऊ, रुद्रभाऊ’ करत फिरतात. आम्ही तिघं काय निवडणुकीच्या प्रचारातले कार्यकर्ते आहोत?

प्रियंका : ‘आम्ही’ कोण?

विकी : नको ना आता. तो विक्रांत म्हणजे मीच ना? साकीनाक्याचा, सारखा च्युइंगम खाणारा?

प्रियंका : असेल.

विकी : आणि रुद्र म्हणजे राज.

प्रियंका : रुद्र म्हणजे रुद्र.

विकी : प्रियंका, तुझ्या भावाबरोबर मी सहा वर्षं तो गेम खेळलोय. त्याच्या उजव्या भुवईवरचा व्रण तू रुद्रला दिलायस. तू लिहिलंयस तलवारीचा. तो ह्याच ओट्याच्या कोपऱ्याचा आहे, तिसरीत असताना लागलेला. मी होतो इथे.

प्रियंका : मग? लिहिलं तर काय झालं? माझा भाऊ आहे, मला हवा तसा लिहीन.

विकी : लिही ना. पण मला तो सापडला नाही ह्यात. अकरा भाग शोधतोय.

प्रियंका : काय शोधतोयस?

विकी : आमचा राज पुलाच्या आधी थांबायचा. म्हणायचा, थांबा रे, पाणी पिऊन येतो. पाणीबिणी काही नाही, टरकायचा. झोपलो की माझं तेल चोरायचा. गेममध्ये गं. आणि वर मलाच, ‘विक्या, तुझंच सांडलं असेल.’ हरलो की माइक बंद. दहा मिनिटं गुल. मग हळूच येऊन विचारणार, ‘अजून एक डाव?’ त्या दहा मिनिटांत आम्ही तिघं त्याला शिव्या घालायचो, आणि त्याच्याशिवाय खेळ पण सुरू करायचो नाही.

प्रियंका : मला नाही माहीत हे. मी तेव्हा खेळत नव्हते. तो दार लावून खेळायचा.

विकी : म्हणून सांगतोय. 

प्रियंका : तू सांगू नकोस. तुला काय जातंय? तुला मित्र दुसरे मिळतील. मी ही गोष्ट त्या साठ-सत्तर जणांसाठी लिहीतच नाहीये. एकासाठी लिहितेय. ह्या गेमवरच्या सगळ्या गोष्टी तो वाचायचा, मराठीतल्या तर एकूण एक. अजून वाचत असेल. त्याला घर सोडून चौदा महिने झाले विकी. ‘मी ठीक आहे, शोधू नका.’ एवढा एक मेसेज, त्यानंतर नंबर बंद. मी कुठे जाऊन बोलू त्याच्याशी? कुठल्या दारावर जाऊ?

विकी : मला माहितीये तू कुणासाठी लिहितेस.

प्रियंका : मग गप्प बस ना.

विकी : अगं, म्हणूनच गप्प नाही बसत. कधीतरी रविवारी गेममध्ये त्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागतो. दोन मिनिटं. मी लिहितो, ‘राज?’ की लगेच बंद. म्हणजे येतो तो. तुझी गोष्ट पण बघत असेल. आणि त्याला काय दिसत असेल? घरी एक भाऊ बसवलाय, जो कधीच चुकत नाही. तो म्हणेल, ह्यांना हाच हवाय. मी कशाला जाऊ?

प्रियंका : असं नाहीये.

विकी : असंच आहे. तू परत बॅनर लावतेयस.

प्रियंका : ...बॅनरचं नाव काढू नकोस.

सुंदराबाई : काय झालं गं? आवाज कामून वाढला?

प्रियंका : काही नाही आई. गोष्टीचं चाललंय.

सुंदराबाई : विकी, चहा ठेवलाय, पिऊन जा बाबा.

विकी : हो मावशी. ...प्रियंका, ऐक. हळू बोलतो. मला एक सांगायचंय. चौदा महिने सांगायचंय.

प्रियंका : काय?

विकी : जयंतीच्या आधी तू माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आलीस. आठ बाय चारचा फ्लेक्स, राजचा कोटातला फोटो, खाली ‘स्पर्धा परीक्षेच्या पूर्व परीक्षेत घवघवीत यश’. आठवतंय? तू म्हणालीस, नाक्यावर लावायचा, विहारासमोर, त्याला सांगू नकोस, सरप्राइज आहे.

प्रियंका : तेच तर. मीच लावला. त्याने घरी खोटं सांगितलं होतं पास झालो म्हणून, ते घरातच राहिलं असतं. मी चौकात टांगलं. मग मंडळाने गुणगौरवात नाव घेतलं, तो स्टेजवर गेला, आणि खाली कुणीतरी मोबाइलवर निकालाची यादी उघडली. सगळ्यांसमोर. माझ्यामुळे. तुला काय वाटतं, मला आठवत नाही?

विकी : मला माहीत होतं.

प्रियंका : काय माहीत होतं?

विकी : तो नापास झालाय हे. निकालाच्या दिवशीच त्याने मला सांगितलं होतं. म्हणाला, घरी पास सांगितलंय, एक-दोन महिन्यांनी सांगेन खरं काय ते. आणि तू आलीस बॅनर घेऊन, आणि मी छापला.

प्रियंका : तुला माहीत होतं.

विकी : हो.

प्रियंका : आणि तू छापलास? विकी, एक शब्द! ‘नको लावूस’ एवढं तरी बोलायचं होतंस!

विकी : तू इतकी खूश होतीस ना गं. ‘अक्षरं अजून मोठी कर, अजून मोठी कर.’ माझ्या तोंडातून निघालंच नाही. म्हटलं, संध्याकाळी राजला फोन करतो. केला पण. त्याने उचलला नाही. मग वाटलं, जाऊ दे, चार दिवसांनी उतरेल बॅनर. वाट लावली मी. बोल काय बोलायचंय ते. शिव्या दे.

प्रियंका : मला वाटायचं मी एकटीच आहे.

विकी : नाही गं. मी पण आहे.

सुंदराबाई : घ्या चहा. आणि तुम्ही दोघं रडताय कशापायी? गोष्टीत कोण मेलं का?

प्रियंका : कुणी नाही मेलं आई. तेच तर. विकी म्हणतो, माझ्या गोष्टीतला मुलगा कधीच चुकत नाही, म्हणून तो खोटा वाटतो.

सुंदराबाई : कोणचा मुलगा?

विकी : आपला राज आहे मावशी. गोष्टीत नाव रुद्र ठेवलंय हिनं.

सुंदराबाई : मग बरोबर बोलतो की हा. भीमराज कव्हा चुकत नव्हता? आंघोळ केली की बादली रिकामी ठेवून भाईर. दुसऱ्याला भरून ठेवावी, हे बाविसाव्या वर्षी बी जमलं न्हाई. रश्श्यातले शेंगदाणे सगळे वेचून खायचा, बापाच्या ताटात नुसतं पाणी. खोटं बोलला की कान खाजवायचा.

प्रियंका : कान?

सुंदराबाई : डावा. पास झालो म्हणून सांगितलं तव्हा बी खाजवला होता. म्या बघितलं.

प्रियंका : आई! म्हणजे तुला पण—

सुंदराबाई : मला शंका आली. म्या गप बसले. पोराचं तोंड बघून इचारू वाटलं न्हाई. म्हटलं, सांगंल त्याच्या मनानं.

विकी : म्हणजे बॅनर बघून तुम्ही पण गप्प...

सुंदराबाई : तुला अजून एक सांगते प्रियंका. तुझा बाप दहावीला दोनदा नापास झालाय. दोनदा. तिसऱ्यांदा बसलाच न्हाई. जालन्याहून गाडीत बसून इकडं पळून आला, बापाच्या भेवानं.

प्रियंका : बाबा? बाबा तर म्हणतात पैसे नव्हते म्हणून शाळा सुटली.

सुंदराबाई : तसं म्हणायचं ठरलं होतं. पोरांपुढं कमीपणा नको. पोरं आपल्यावाणी व्हायला नकोत, पुढं जायला पाहिजेत, म्हणून कधी उघडलं न्हाई. भीमराज गेला तव्हा ते मला म्हणाले, सुंदरा, एकदा सांगितलं असतं त्याला, तर हा माझ्यापाशी येऊन बसला असता. एवढंच म्हणाले. मग त्या दिसापासून त्याचं नाव घेत न्हाईत. तुम्हाला वाटतं रागानं. राग कशाचा, त्यांना घेववत न्हाई.

प्रियंका : आई, हे त्याला माहीत असतं तर...

सुंदराबाई : आता कसं सांगणार? पत्ता कुठं हाय?

विकी : प्रियंका. पत्ता आहे. अकरावा भाग.

प्रियंका : काय लिहू?

विकी : आधी त्या चाळीस जणांना हाकल. पुलाच्या अलीकडून सुरू कर. रुद्र थांबलाय. म्हणतो, पाणी पिऊन येतो.

प्रियंका : थांब, मोबाइल दे... ‘रुद्र पुलाच्या अलीकडे थांबला. पाणी पिऊन येतो म्हणाला, तहान नसताना.’ मग?

विकी : मग कंदील विझतो. त्याच्याच हातात.

प्रियंका : ‘कंदील विझला. आणि रुद्र गावात परतून म्हणाला, मी पलीकडे पोहोचवला.’

विकी : हां. आणि गाव पताका लावतं.

प्रियंका : गाव नाही. बहीण लावते. ‘पताका त्याच्या बहिणीने लावल्या. तिने त्याला एकदाही विचारलं नाही की तू दमलायस का. तिला फक्त पताका लावायच्या होत्या.’

विकी : एवढं कठोर लिहू नकोस स्वतःबद्दल.

प्रियंका : लिहू दे. ‘पताकांचं कापड विक्रांतने रंगवून दिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. च्युइंगम चघळत तो गप्प राहिला.’

विकी : ...ठीक आहे. ठेव ते.

प्रियंका : आई, बाबांचं लिहू? गोष्टीत म्हातारा होडीवाला आहे एक, त्याच्या तोंडी घालते. तो रुद्रला सांगतो की माझा कंदील दोनदा विझला होता.

सुंदराबाई : लिही.

प्रियंका : त्यांना न विचारता? परत माझ्याच मनानं केलं तर...

सुंदराबाई : व्हय, तेबी खरं. थांब मग. ते विहारातून येतील पाच वाजेस्तोवर. तूच इचार.

प्रियंका : मी?

सुंदराबाई : मग कोण? समोर बसून इचार. चिडले तर चिडले.

विकी : मी पण थांबतो मावशी. 

प्रियंका : आणि शेवट? आधी मी शेवटी विजयाची मिरवणूक ठेवली होती.

विकी : मिरवणूक नको गं.

प्रियंका : ‘रुद्र धुक्यात निघून गेला. त्याच्या मागे तिघंजण पुलाशी बसून राहिले. नवा डाव त्यांनी सुरू केला नाही.’ एवढंच. पुढे मला काही सुचत नाही.

विकी : पुढे नकोच. बस.

प्रियंका : विकी, तो वाचेल?

विकी : माहीत नाही गं.

प्रियंका : आणि वाचून पण नाही आला तर? मी एवढं सगळं चव्हाट्यावर मांडलं आणि तरी नाही आला तर, आई?

सुंदराबाई : तर पुढच्या रविवारी अजून लिहायचं. त्याच्या चुका माझ्यापाशी लई हायत. तो येईपर्यंत पुरतील.