रिकाम्या रस्त्यावरचा अपघात

"कापडाचा डाग जाई रिठ्याच्या गं फेसात, माणसाचा डाग राही शेजारणीच्या डोळ्यांत." नदीवर धुणं आपटताना आई गायची. कुवेतच्या कोर्टाबाहेर बसलेल्या रत्नमालेला ते आठवलं, कारण मागच्या बाकावर रत्नागिरीकडचे मामा-भाचे भाच्यावरची जुनी केस पुसून घेण्याबद्दल बोलत होते.

"इम्तियाज, केस पुसतात म्हणजे काय रे करतात?"

"शिक्षा भोगून वर्षं लोटली, मामू. पुन्हा गुन्हा नाही. जज्जानं मान्य केलं, की पोलिसांचा दाखला कोरा येतो."

"दाखला येईल कोरा. पण माझी लुबना तुला द्यायची, तर मला खरं कळायला हवं. भर दिवसा, रिकाम्या रस्त्यावर माणूस उडवलास कसा? प्यायला होतास?"

"तोबा!"

"मग गाडीत बाई होती?"

"काय बोलता, मामू!"

"कोणीतरी होतं खास. तू झाकतोयस."

"वकील म्हणतो, जुनं उकरू नका."

"वकिलाला मुलगी द्यायची नाहीये! आमचा मुनीर बघ, लुबनाचा सख्खा भाऊ. इथंच राहतो, पण कधी चौकीची पायरी चढला नाही."



"मामू, गाडी मुनीर चालवत होता. त्याच्याकडे लायसन नव्हतं, म्हणून पोलीस यायच्या आत मी त्याच्या जागी बसलो."