ऐरनीखालचा ओंडका

या, या, सरकून बसा शेकोटीजवळ. बापू, तुला जागा न्हाई? मग त्या ओंडक्यावर टेक की. डुगडुगतोय? डुगडुगू दे, तुझं वजन हायच किती! आन मधीच कुनी उठायचं न्हाई बरं का. ऐका आता.

माझ्या ल्हानपनी गावात सिदू लोहार व्हता. हाताचा लई गुनी, पन डोस्क्यानं आडमुठा. त्येच्याकडं बापाची एक ल्हानगी ऐरन व्हती. खाली हे एवढं लोखंडी टोक. ते टोक लाकडात ठोकायचं, मग ऐरन उभी ऱ्हायची. आन सिदूला ऐरन हललेली अजिबात खपायची न्हाई! जरा हलली की हातोडा टाकून शिव्या द्यायचा.

तर झालं काय, शाळूची काढनी उद्यावर आलेली. समद्या गावाचे विळे सिदूच्या भात्याम्होरं पडलेले. आन दिवस मावळताना ऐरनीखालचं खोड उभं चिरलं! झाली का पंचाईत? सिदूनं ऐरन पोत्यात घातली, पोतं खांद्यावर घेतलं, हातोडा कमरंला खवला आन निघाला कुरनाकडं. तिथं बाभळी तोडलेल्या व्हत्या.

त्येची बायको सारजा दारात आडवी झाली. "आवो, अंधार पडला. त्या कुरनात जो बूड टेकून बसला, त्यो पुन्हा उठला न्हाई, ठावं हाय न्हवं? आन ऐरनीचं वझं कशाला नेताय?"

"बसवून बगितल्याबिगर लाकूड घेतो व्हय गं म्या?"

आन गेला की बाबा!

कुरनात डोळ्यात बोट घातलं तर दिसू नये असा अंधार. सिदू आपला खोडं चाचपतोय. हे पोकळ. हे किडलेलं. हे वाकडं. वैतागला, मागं वळला, तर वाटंच्या मधोमध एक ओंडका! येताना व्हता का? न्हवता! पन सिदूचं समदं ध्यान लाकडात.

त्येच्याम्होरं उकिडवा बसला, हाताची मूठ खाली सोडून उंची मापली. "च्यायला, दोन बोटं उंच हाय."

आन ओंडका दोन बोटं खाली बसला!

सिदूला वाटलं, भुई भुसभुशीत आसंल. हलवून बगितलं. "डावीकडं कलतोय जरा." कर्रर्र! ओंडका सरळ झाला. बुक्की मारून बगितली. "आवाज बद्द येतोय." पुन्हा मारली तर खणखणीत! दुसरा कुनीबी आसता तर तितनंच पळाला आसता. पन ह्यो गडी खूश! म्हनतो कसा, "आसलं गुनी लाकूड जल्मात बगितलं न्हाई!"

बापू, तुझा ओंडका डुगडुगायचा थांबला वाटतं? बरं झालं. ऐका म्होरं.

सिदूनं पोत्यातनं ऐरन काढली आन ठेवाय गेला. ओंडका हातभर मागं! ह्यो म्होरं, त्यो मागं. ह्यो म्होरं, त्यो मागं. आन लाकडातनं आवाज आला. लई गोड आवाज. "लोखंड नगं रं, सिदबा. दमलास न्हवं? आदी तूच बस की माझ्यावर."

आता मातर सिदूच्या अंगावर काटा आला! खाली बगतो तर ओंडक्याच्या बुडाला दोन पाय. टाचा म्होरं, बोटं मागं!

सिदू ऐरन उराशी धरून पळत सुटला. पळतोय, पळतोय, वळनावर येतो तर ओंडका म्होरं! "बस की." वाट सोडून ओढ्यात उतरला. ओढ्यात ओंडका! "बस की रं, कवाधरनं कुनी बसलं न्हाई." गावातला दिवा दिसाय लागला, सिदू बांधावर चढला, ठेचकाळला, आन पडता पडता ओंडक्यावरच बूड टेकत व्हतं! कसाबसा सावरला. पायातलं बळ सरलं व्हतं. ऐरन टाकली तर पळता आलं आसतं, पन बापाची ऐरन वो! रडकुंडीला आला बिचारा.

मग म्हनाला, "बरं, बसतो बाबा. पन तू हलू नगंस. हललेलं मला खपत न्हाई."

काय सांगू तुमाला, ओंडका येकदम गप झाला! एवढा गप की सिदूला आयुष्यात तशी बैठक गावली नसंल. सिदू वाकला, बसायचं सोंग केलं, आन ऐरनीचं टोक लावलं त्येच्या टाळूला. वर हातोडा! ठान! ठान! ठान! आरारारा, कसला इवळला म्हनता! "काढ रं! काढ रं!" गावातली समदी कुत्री एकदम रडाय लागली. सिदू जो पळाला त्यो सारजाच्या पायापाशीच कोसळला.

सकाळी विळे काळ्या दगडावर ठोकून दिले त्येनं. ऐरनीसाठी ढसाढसा रडला, पन आनाय गेला न्हाई. जोवर लोखंड डोक्यात हाय, तोवर ओंडका जाग्याचा हलायचा न्हाई. म्हनून सांगतो, कुरनाच्या वाटंला जाऊ नका. वाटंत दिसलेल्या ओंडक्यावर टेकू नका.

आता एकच गोष्ट ऱ्हायली. परवा म्या शेरडू हुडकत दुपारचा तिकडं गेलतो. ऐरन मातीत आडवी पडलीया. भंगारासाठी कुनीतरी उपटली आसंल, जड झाली म्हनून टाकली आसंल. पन खाली ओंडका न्हवता.

आरं, ह्यो शेकोटीजवळचा ओंडका कुनी आनला? तू? मग तू? कुनीच न्हाई?

बापू, जरा ऊठ बरं. बापू, उठतोस न्हवं?