गार हॉलमध्ये चढलेला बेंजो

जन्म बोपोडीचा. बाबांनी दीक्षा घेतली त्यानंतर दोन वर्षांनी मी झाले, आणि बाबा येईल त्याला सांगायचे, आमच्या घरात जन्मापासून बौद्ध असलेली पहिली ही सुमन, हिचं रडणंसुद्धा सुरात असणार. नव्हतं. आई म्हणायची, कारखान्याचा भोंगा परवडला. बाबा खडकीला कारखान्यात, आणि पाळी सुटली की गायन पार्टी, बुद्धगीतं, भीमगीतं, पेटी, ढोलकी, झांजा आणि बेंजो. बेंजो म्हणजे काय सांगू तुम्हाला, लांबट लाकडी खोकं, त्यावर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. मला तो आला टायपिंगमुळे. बाबांनी नारायण पेठेत क्लासला घातलं होतं, पोरगी हापिसात लागेल म्हणून. पोरगी कसली लागतेय! परीक्षेत मी अख्खं पत्र ठेक्यात टाइप केलं, सर म्हणाले, बाई, हे पत्र आहे, लेझीम नाही.

मग बसले बेंजोवर. बाबांमागे पार्टी दादांनी घेतली, माझे थोरले भाऊ, गायक तेच आणि मालक तेच. पार्टीत मी एकटी बाई, आणि भित्री किती? कार्यक्रमाच्या दिवशी पोटात जायचं नाही काही, तीन वेळा मोरीत जाऊन यायचे, तारा लावायचे, परत लावायचे, टेम्पोत सिग्नलला थांबलो की झाकण उघडून परत तपासायचे. आमचे हे बसडेपोत होते, ते म्हणायचे, अगं तारांना तरी जरा झोपू दे. लोकांना वाटायचं सुमनताई केवढी सुराची पक्की. डोंबलाची पक्की. भीती होती ती, की एक सूर चुकला की दादा म्हणणार, ऊठ.

आणि ते म्हणालेच. सूर चुकला नव्हता तरी म्हणाले. दुकानांत कीबोर्ड आले होते तेव्हा, एका पेटीत सनई, बासरी, व्हायोलिन, आणि बेंजोसुद्धा, काय म्हणाल आता! घरोघरी केबल आली होती, पोरं कंप्युटर शिकायला लागली होती, जयंतीला लोक म्हणायचे काहीतरी नवीन आणा. दादांनी विलासला आणला, आणि पेटीही बंदच झाली. विलास ताडीवाला रोडचा, तिशीचा, गुणी माणूस, इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं कमी. दादा मला म्हणाले, सुमे, स्टेज लहान असतं गं, दोघांना जागा नाही, येत्या जयंतीपासून तू खाली बस, पहिल्या रांगेत, मान आहे तो. मी म्हटलं, बरं दादा. असं म्हणाली ती बावळट. आणि घरी येऊन बेंजोच्या खोक्यावर डोकं ठेवून रडली, तार गालात रुतली ती आठ दिवस दिसत होती.

मध्येच हिंजवडीच्या एका कंपनीचा निरोप आला. वार्षिक समारंभ होता, आणि त्यांचे एक अमेरिकेतले साहेब आले होते, टॉम म्हणून, त्यांना इथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांबरोबर वाजवायचं होतं. त्यांच्याकडेही बँजोच म्हणतात, पण तो गोल, तोंडाला कातडं लावलेलं, पाच तारा, बोटांत पत्र्याच्या नख्या घालून वाजवायचा. ब्लूग्रास म्हणतात त्या गाण्याला. दादांनी विचारलं, म्हणजे काय? कंपनीची मुग्धा म्हणाली, निळं गवत. दादा म्हणाले, आमच्याकडे हिरवं असतं. पण टॉमनं सांगितलं ते मला पटलं, की त्याचा आजा डोंगरातल्या खाणीत मजूर, दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवायचं, कागद नाही, वही नाही, ऐकून ऐकून. मी म्हटलं, मग हा आपल्या पार्टीतला. तार वाजवणाऱ्याबरोबर तार हवी म्हणून त्या दिवसापुरती मला वर बसवली. दादा म्हणाले, हा शेवटचा, नीट वाजव.

तालमी मुग्धाच्या कोथरूडच्या फ्लॅटवर. पहिल्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. म्हणाले, आपला कार्यक्रम हिंजवडीला आहे ना? अहो मग तो तिथेच करावा. तरी चार तालमी झाल्या, आणि झकास झाल्या, भर एप्रिलात, पंख्याखाली. टॉमची बोटं अशी गोल गोल फिरायची, एक तार, दुसरी, तिसरी, परत पहिली, थांबणं नाहीच, मी बघतच राहायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पोचलो. बाकीचे आत गेले चहाला. मला चहा जाईना, मी बसले बाहेर गाड्यांच्या जागेत, उन्हात, आणि तारा लावल्या, एकदा नाही, चार वेळा. तापल्या तारा हाताला चटके देत होत्या. विलास दारातून म्हणाला, ताई, आत येऊन लावा, आत एसी आहे. मी म्हटलं, तू तुझी बटणं बघ. आम्ही जन्मभर मांडवात वाजवलेलं, उन्हात लावायचं आणि उन्हातच वाजवायचं, गार हॉल कोणी पाहिला होता?

पडदा उघडला आणि पहिला सूर दिला तर टॉमचा सूर खाली, माझा वर. थंडीनं तारा आखडतात, चढतात, हे आज सांगते शहाणी. तेव्हा मला वाटलं, साहेब उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी खात्री वाटली आणि नेमकी तिथेच मी चुकलेली! हजार माणसांसमोर मी त्याला बोट वर करून खूण केली, चढव. त्याच्याजवळ सूर दाखवणारी डबी होती, त्यानं डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसला, डबी खिशात घातली आणि निमूट तारा चढवल्या माझ्यापर्यंत. मग दादांनीही आवाज चढवला, गळ्याच्या शिरा तट्ट. आता दोन तारा आणि दादा एकीकडे, आणि कीबोर्ड एकटा खाली. दादांनी विलासकडे असं बघितलं की त्यानं हातच उचलले. दोन गाणी तो हात मांडीवर ठेवून बसला. लोकांनी टाळ्या किती वाजवल्या म्हणून सांगू.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर गाड्यांच्या जागेत मी बेंजो पुसत होते, ऊन लागून गरम झाला तसा त्याचा सूर उतरत गेला, आणि मला कळलं. चांगलं कळलं. दादा विलासला म्हणत होते, तू सुराला कच्चा आहेस, तुझं-आमचं जमायचं नाही. विलासनं माझ्याकडे बघितलं. मी खोक्याची कडी लावत राहिले. टॉमनं जाताना त्याच्या नख्या दिल्या मला, त्या घालून मी पुढे वीस वर्षं भीमगीतात ती गोल फिरणारी बोटं वाजवली, पार्टीचं नाव झालं त्यावर. सुमनताईंचा अमेरिकन हात म्हणायचे. आणि दर कार्यक्रमाला विलास कुठे गर्दीत दिसतोय का म्हणून माझी नजर भिरभिरायची. जागा माझी, पण टेकून बसले नाही कधी.

गेल्या महिन्यात नातीच्या मैत्रिणीच्या क्लासवर गेले तर समोर विलास. पांढरा झालाय. कीबोर्ड शिकवतो, मुलं कानाला हेडफोन लावून बसलेली. तिथंच दाराशी चपला न काढता सांगून टाकलं सगळं. मला वाटलं होतं म्हणेल, जाऊ द्या ताई, म्हातारं झाल्यावर कोण लक्षात ठेवतं. तो म्हणाला, माझ्या लक्षात आहे. दादांचा शब्द पुण्यातल्या सगळ्या पार्ट्यांत गेला, मला परत कोणी बसवलं नाही. मला सांगून काय उपयोग, दादांना सांगा, त्या सगळ्यांना सांगा. आणि दार लावलं. जोरात नाही, हळूच लावलं.

तर आता तुम्ही दादांच्या सत्काराच्या स्मरणिकेसाठी हे लिहून घेताय, तर हेही लिहा. नको असं लिहायला, असं म्हणू नका, लिहा. टॉम, विलास, सगळ्यांचं मंगल होवो, पण नाव विलासचं घाला, पुरं घाला. दादा ऐंशीचे झाले तरी छापायच्या आधी ओळीवर बोट ठेवून सगळं वाचतात. वाचतील आणि म्हणतील, ऊठ. म्हणू देत. सहा दिवसांवर जयंती आली आणि परत तेच सुरू झालंय बघा, सकाळपासून दोनदा मोरीत जाऊन आले.

इथून तुम्ही दादांकडेच जाणार ना? मग थांबा, लुगडं बदलते, मी पण येते. कागद त्यांच्या हातात पडेल तेव्हा मी समोर असलेली बरी. आणि रिक्षा नको, बसनं जाऊ. तेवढाच वेळ मिळेल.