आमच्या मजल्याची पाळी

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या इमारतीच्या समितीचे प्रमुख, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय सदस्य, आजच्या चहापाण्याची सोय करणारे तळमजल्यावरचे दुकानदारकाका, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

आज माझ्या सुनेचा सत्कार आहे आणि आमच्या कुटुंबाला निरोपही आहे. माझा मुलगा नोकरी करतो त्या गावी आम्ही कायमचे राहायला चाललो आहोत. येताना जिन्यातच सुनेने मला बजावलं, "आई, दोन शब्द गोड बोला आणि खाली बसा." ती पहिल्या रांगेत बसली आहे आणि आत्तापासूनच माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. बघू दे. घरात तिचंच चालतं, माईकसमोर एकदा माझं चालू द्या.

अध्यक्षांनी आत्ता फार सुंदर भाषण केलं. टाळेबंदीत आमच्या सुनेने साथीच्या वॉर्डात नर्स म्हणून जे काम केलं, त्याचा त्यांनी गौरव केला. "सगळी इमारत तिच्या पाठीशी उभी होती," असंही ते म्हणाले. ते वाक्य ऐकलं आणि पाठ करून आणलेले आभार माझ्या डोक्यातून निघून गेले. पाठीशी कोण उभं होतं, अध्यक्ष महाशय? मी तेव्हा मागे वळून बघितलं होतं. मला तरी कोणी दिसलं नाही.

जे नंतर राहायला आले त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा बाहेर पडायला बंदी होती. किराणा मिळायचा तो खालच्या दुकानातच, आणि तिथे गर्दी नको म्हणून समितीने मजल्यांच्या पाळ्या लावल्या होत्या. सोय चांगली होती, मी तिला नावं ठेवत नाही. आमच्या मजल्यावर समोरचं घर रिकामं, त्यामुळे मजला म्हणजे आम्हीच. पाळी आली की मी पिशव्या घेऊन उतरायचे आणि खडूने आखलेल्या चौकोनांतून पुढे सरकत राहायचे. मुलगा परगावी अडकला होता. घरात मी, सून आणि माझी नात. नातीला नुकते दात येत होते. सून कामावरून आली की दारातच कपडे बदलायची, अंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावायची नाही. इकडे पोर रडायची आणि तिकडे नळ सोडून तिची आई रडायची. नळाच्या आवाजातही मला ते ऐकू यायचं.

एका सकाळी मी रांगेत उभी होते. मागची बोलणी थांबली. वळून बघते तर माझ्या मागचे चौकोन रिकामे, आणि माणसं पार फाटकापाशी. अध्यक्ष रांगेच्या कडेने माझ्याकडे आले. लांबूनच म्हणाले, "आजी, तुम्ही घरी जा. तुमच्या मजल्याची पाळी सध्या बंद. तुमच्या सूनबाई कुठे काम करतात ते सगळ्यांना माहीत आहे. लोक घाबरलेत."

"मग घरात खायचं काय?" मी विचारलं.

"काय हवं ते मला फोनवर सांगा. समिती दारात आणून ठेवेल."

मी वर गेले. फोन लावला. तो वाजत राहिला. दुपारी लावला, दुसऱ्या दिवशी लावला. समितीतल्या इतरांनाही लावला. भीतीबद्दल मी कोणाला बोल लावत नाही. सून नुसती खोकली तरी मीही नातीला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचे. पण फोन उचलायला कसली भीती होती? फोनमधून साथ येते, असं तर तेव्हा कोणीच म्हणत नव्हतं.

घरातलं दूध संपलं, त्या दिवशी सून कामावरून आली ती परस्पर दुकानात गेली. मी खिडकीतून बघत होते; रस्ता सामसूम, खालचं बोलणं वर स्पष्ट ऐकू यायचं. मास्कने तिच्या नाकावर लाल वळ उठले होते, ते वरूनही दिसत होते.

"काका, दूध द्या. आणि थोडे तांदूळ."

काकांनी रांगेकडे बघितलं. मग म्हणाले, "ताई, माझा नाइलाज आहे. तुम्हाला दिलं तर बाकीचे यायचे बंद होतील."

अध्यक्ष रांगेतच होते. ते म्हणाले, "समजून घ्या. तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे."

रिकामी पिशवी घेऊन सून जिना चढून आली. आणि त्याच संध्याकाळी, मंडळी, आपण सगळे गॅलरीत आलात आणि दवाखान्यातल्या लोकांसाठी टाळ्या वाजवल्यात. अध्यक्षांनी तर आमच्या खिडकीकडे तोंड करून वाजवल्या. आत माझी सून पाण्यात बिस्किट कुस्करून पोरीला भरवत होती. पोर तोंड फिरवत होती.

मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, "तू भांडली का नाहीस?"

ती म्हणाली, "आई, यातला कोणीही उद्या माझ्या वॉर्डात येईल. त्याची शीर शोधून मला सुई टोचायची असते. भांडण डोक्यात राहिलं तर सुई चुकेल."

तिला विसरणं भाग होतं. मला नव्हतं. म्हणून मी सगळं लक्षात ठेवलं.

पुढे ती दवाखान्याजवळच्या दुकानातून उरलंसुरलं घेऊन यायची, रात्रपाळी करून, पिशव्या हातात घेऊन पायी. आणि तिचं बोलणं खरं झालं. अध्यक्ष आजारी पडले, तिच्याच वॉर्डात गेले. तिने त्यांचं सगळं केलं. ते त्यांनी आत्ता स्वतःच सांगितलं, तिला देवदूत म्हणाले. पुढचं सांगायचं राहिलं, ते मी सांगते. ते बरे होऊन आले तेव्हा त्यांच्यासाठीही टाळ्या झाल्या. काही दिवसांत ते खालच्या रांगेत उभे होते. त्यांच्या मागचं कोणी फाटकापर्यंत सरकलं नाही. मी खिडकीतून हाक मारून सांगितलं, "आता तरी आमच्या मजल्याची पाळी परत लावा." ते म्हणाले, "समितीत विचार करून कळवतो."

अजून कळवलेलं नाही. टाळेबंदी उठली, नात शाळेत जायला लागली, समितीचा विचार चालूच आहे.

सूनबाई, बसते, एवढं संपवू दे.

हे जुनं झालं, कशाला उकरता, असं काहींच्या मनात असेल. जुनं झालं असतं तर मी गप्प बसले असते. आमचं घर आम्ही दोन मुलींना भाड्याने दिलं आहे. दोघी त्याच दवाखान्यात नर्स आहेत. गेल्या आठवड्यात समितीतल्या एका सदस्यांनी मला लिफ्टपाशी गाठून विचारलं, "या मुली कुठल्या वॉर्डात असतात?" का हवं आहे तुम्हाला ते? आज कुठली साथ आहे?

ते सन्मानचिन्ह सून घेईल. कोणी काही दिलं तर नाही म्हणण्याची तिला सवय नाही. मला मात्र आज अध्यक्षांकडून या माईकवर एवढंच ऐकायचं आहे, की त्या मुलींना वॉर्ड विचारला जाणार नाही. मी बसल्यावर त्यांनी उठावं. आम्ही सगळे थांबू.

आता आभार. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई कोपऱ्यात उभ्या आहेत. त्या काळात आमच्या दाराच्या कडीला अधूनमधून दुधाची पिशवी लटकलेली असायची, ती त्यांची. समितीने त्यांना त्याबद्दल झापलं, तरी पिशवी येत राहिली. ताई, मी तुमची ऋणी आहे. माझे आभार इथेच संपतात.

बोलण्यात माझं काही राहून गेलं असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर वयाकडे बघून माफ करा. कोणाच्या मनाला लागलं असेल, तर ते तसंच लागलेलं राहू द्या. त्या मुली दूध आणायला खाली उतरतील तेव्हा उपयोगी पडेल.