मुरमाची सडक अन् तळ्याची पाळ

नत्थुजी : बैल मागं घे, शेषराव! नाही तं तुही बंडी आज कापसासगट तळ्यात जाईन!

शेषराव : बैल मागं चालत नाही, नत्थुजी. तुमालेबी माहीत हाय. गाडी वळवा लागते. एका आंगाले पाणी, दुसऱ्या आंगाले उतार. खंडीभर कापूस घेऊन या पाळीवर मी वळू कसा? तुमची दमणी हलकी हाय. दोघाईनं उचलली तं जागच्या जागी फिरते.

नत्थुजी : म्हंजे मीच फिरावं!

शेषराव : रिकाम्यानं भरल्याले वाट द्यावी. हा कायदा मी नाही काढला. आजा-पंज्याचा हाय.

नत्थुजी : रिकामी कोन म्हनते? आत माणूस हाय.

शेषराव : पडदा लावेल हाय म्हून इचारलं नाही. इवाईनबाई हायेत का?

नत्थुजी : कोनीबी असन. तुले काय करायचं?

शेषराव : काही नाही. पोरीच्या बापानं आंधी रामराम घालावा, असी रीत हाय. थे राहिलंच, म्हून आठवन देतो.

नत्थुजी : रामराम? ज्यानं माही अमराई कापवली त्याले? अकरा झाडं, शेषराव! माह्या मायनं डोक्यावर घागरी वाहून जगवलेली. थे पाडून सरकारनं त्याच्यावर सडकेचा मुरूम पसरला. अन् सायबाच्या माणसाले वाट कोनं दाखवली? गावच्या चोरानं नाही. माह्या इवायानं!

शेषराव : त्यानं इचारलं, पावसाळ्यात कोनती जमीन धसत नाही. मी सांगतलं. काळ्या मातीत मुरूम टिकत नाही, दोन पावसाळ्यात माती गिळून टाकते. तुमची अमराई कडक बरडावर होती.

नत्थुजी : अन् तुहा धुरा? तुह्या वावराच्या बांधालेबी बरडच हाय! पण थ्या वावरात कापूस उभा होता, नाही का? समुंदरापार गोऱ्याईची लढाई, त्यापायी कापसाले सोन्याचा भाव, अन् इकडं तुह्या बैलाईच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या! सारा गाव पाहे, बाप्पा, शेषरावच्या बैलाईचा थाट.

शेषराव : उतरवल्या थ्या. लढाई सरली, भाव पडला, शेंब्या सोनारानं नेल्या.

नत्थुजी : सुंभ जळला, पीळ काही जळला नाही.

शेषराव : पीळ कोनाले हाय? मागच्या दिवाळीले पोर माहेरी नेली, ही दुसरी दिवाळी होऊन गेली. माहा भगवंत दोनदा न्यायले आला. जावयाले तुमी उंबऱ्यावरून हाकललं. गडवाभर पाणी नाही इचारलं.

नत्थुजी : माह्या ओसरीतून आता खुंटं दिसते. आंधी झाडं दिसे. थो आला तवा मी खुंटाईकडंच पाहून राहिलो होतो. पाणी कुठून सुचन मले?

शेषराव : त्यात पोराचा काय गुन्हा? वड्याचं तेल वांग्यावर.

नत्थुजी : आता वडाबी नाही अन् वांगंबी नाही. अकोल्याले चाललो मी, जातीच्या मोठ्या पंचाईपुढं. सोडचिठ्ठी घेऊन येतो. पोर मोकळी, मी मोकळा, अन् तुहं तोंड पाहाचं काम नाही.

शेषराव : म्हंजे आत सुभद्रा हाय.

नत्थुजी : हाय.

शेषराव : बडनेऱ्याहून अकोल्याले आता आगगाडी जाते. दमणीत दोन मुक्काम करून पोरीचे हाडं काहून खिळखिळे करून राहिले तुमी?

नत्थुजी : आगगाडीपायी सडक आली. सडकेपायी माही अमराई गेली. थ्या मुरमावर माहं चाक चढनार नाही, आन घेतली मी! जंगल तुडवीन, या पाळीवर गचके खाईन, पण सडकेनं जानार नाही. माहं सोड. तुहं सांग. सडक तं तुह्याचसाठी झाली, कापसाच्या बंड्यासाठी. मंग तू इकडून काहून? दीड कोसाचा फेरा, जंगलात नाल्याचा उतार. भरली बंडी घेऊन कोनता शहाना या वाटेनं येते?

शेषराव : मुरमानं बैलाईचे खूर फाटते.

नत्थुजी : हे पाय, लबाडी! बैलाईले नाल ठोकेल हाय तुह्या! दगडावर पाय पडला तवाच वाजला. नवे करकरीत नाल! लोक मुरमासाठीच नाल ठोकते, अन् तू नाल ठोकून मुरूम टाळून राहिला. मले येडा समजतो का? माह्या गावावर पाळत ठेवून राहिला तू. आता काय दाखवतो सायबाले? माहं घर?

शेषराव : बैल माहे, खूर माहे. वाट द्या.

नत्थुजी : आंधी सांग!

सुभद्रा : बा...

नत्थुजी : तू आतच राय. बोलू नको.

सुभद्रा : मामाजी नाही सांगनार, बा. मी सांगते. थे दर बुधवारी बाजाराले याच वाटेनं जाते. एक वर्स झालं. आपल्या घाटावर मी धुनं धुते ना, तिथं बैल थांबवते अन् पाणी पाजते.

नत्थुजी : बैलाले तहान लागते.

सुभद्रा : नाही लागत. तोंड फिरवते बैल, तरी उभे राहते मामाजी. कधी कापूस असते बंडीत, कधी तूर. पावसाळ्यात तं रिकामीच बंडी घेऊन आले, चिखलात चाक रुतलं तरी आले. माह्याकडं पाहत नाही. मीबी पदर ओढून खाली पाहते. घडीभर थांबते अन् जाते.

नत्थुजी : बोलला काय तुह्यासंग?

सुभद्रा : एक शबूद नाही. एका बुधवारी मले ताप होता, मी घाटावर गेली नाही. घाटावरच्या बायाईनं सांगतलं असन त्याईले. दोन दिवसानं गेली, तं माह्या धुन्याच्या दगडावर फडक्यात बांधेल गूळ अन् सुंठ होती.

नत्थुजी : शेषराव. हे खरं हाय?

शेषराव : सुंठ भगवंतानं देल्ली होती.

नत्थुजी : मी सुंठीचं नाही इचारत!

शेषराव : बुधवारी घरी गेलो का पोरगा इचारते, दिसली का? मी म्हनतो, दिसली. मंग जेवते थो. आता झालं समाधान?

नत्थुजी : अन् मले काहून नाही सांगतलं?

शेषराव : सांगतलं असतं तं तुमी तिचा घाट बंद केला असता.

नत्थुजी : केलाच असता! आताबी करीन! सुंठीगुळानं झाडं उगवत नाही, शेषराव!

शेषराव : नाही उगवत. ऐका आता. सडक माह्या धुऱ्यानं जाऊ शकत होती. सायबाच्या माणसानं इचारलं, अन् मी तुमच्या अमराईकडं हात केला. कापूस उभा होता, मले मोह झाला. पंचाईपुढंबी हेच सांगीन. पण पोरीले मधात घेऊ नका.

नत्थुजी : दोन वर्सं! दोन वर्सं लागली तुले एवढं बोलाले!

शेषराव : लागली.

नत्थुजी : तं मंग ऐक. बोलला म्हून वाट नाही भेटत. माह्या दमणीत माणूस हाय. भरली गाडी हाय माही. मी हलनार नाही.

सुभद्रा : हात द्या, बा. उतरते मी.

(दमणीचा पडदा सरतो. गाठोडं घेऊन सुभद्रा पाळीवर उतरते.)

नत्थुजी : कुठं चालली?

सुभद्रा : बंडीवर. मले नांदायचं हाय, बा. एक वर्सापासून हे बोलायचं होतं, तुमच्या डोळ्यात खुंटं दिसे म्हून बोलली नाही. मामाजी, माहं गाठोडं घ्या.

नत्थुजी : सुभद्रे! तिकडं पंच बसेल हायेत!

सुभद्रा : बसू द्या. त्याईलेबी हा कायदा माहीत असन. तुमची दमणी रिकामी झाली, बा. वळवा आता.

शेषराव : नत्थुजी, तिकडून धरा. मी इकडून उचलतो.

नत्थुजी : हात लावू नको माह्या दमणीले! मी एकटा वळवीन. सरक मागं!

सुभद्रा : बा, चाक पाण्याकडं जाऊन राहिलं.

नत्थुजी : दिसते मले. तू वर बस, कापसात पाय रुतवून बस. पोत्याची दोरी धरून ठेव.

शेषराव : वळली. रामराम, इवाई.

नत्थुजी : माहा रामराम नाही तुले. मुकाट माह्या मागून ये. घाटापाशी मी घराकडं वळीन. तू जंगलात शिरू नको, उजव्या हाताले सडकेवर चढ.

शेषराव : थे तं तुमच्या अमराईतून जाते.

नत्थुजी : कुठून जाते थे मले नको सांगू. पोर बसली हाय वर. मुरमावर गचके लागत नाही, असं लोक म्हनते.